चुलीमागची भिंत

चुलीमागच्या भिंती लिंपत गावोगाव फिरलं की हाताला माती लागते अन् पदराला किस्से! धूर छपरावर सोडणाऱ्या चुली तेव्हा नव्या-नव्या आल्या होत्या. सौंसरच्या बौद्ध मोहल्ल्यातल्या आम्ही तिघी, मी, कुसुम आणि शांताबाई, त्या बसवायचं ट्रेनिंग घेऊन आलो. पण मागच्या भिंतीला कोणतं प्लास्टर टिकेल, ते कोणी शिकवलंच नव्हतं!

* * *

पहिलं काम कुसुमच्याच घरी. ऐटीत सिमेंट लावलं. चूल तापली अन् भिंतीचा पोपडा धपकन वरणात!

तिचा सासरा शांतपणे म्हणाला, "सूनबाई, आज वरन लय घट्ट झालं वो!"

* * *

मग काळी माती लावून पाहिली. वाळल्यावर अशा भेगा पडल्या, की कुसुम म्हणाली, "याच्यात कपाशी पेरून टाकू!"

* * *

शेवटी शांताबाईनं डोकं चालवलं. पांढरी माती, चाळलेली राख, भुसा, विटांचा चुरा, असं वेगवेगळं कालवून टिकिया केल्या अन् घरच्या निखाऱ्यात भाजून बाजूला ठेवल्या. तिचा नवरा शेतातून भुकेला आला. रोडगा समजून एक उचलली अन् चावली!

"काय करून राहिली व तू? दात हालला माया!"

शांताबाईनं टिकिया उलटून-पालटून पाहिली. "तुटली नाई! पोरींनो, हेच प्लास्टर पक्कं!"

* * *

रामाकोना गावची एक सून नवी चूल बसल्यावर तक्रार घेऊन आली. "आधी डोये लाल दिसले की सासूले पटे, मी सैपाक करून राहिली. आता पटतच नाई!"

* * *

बोरगावला एका शेतकऱ्याच्या म्हाताऱ्या आईनं आम्हाला अंगणातच थांबवलं. "माती इथंच कालवून द्या. आत आमची सून लावन."

दिली. मान खाली घालून, पण दिली. थोड्याच दिवसांत निरोप आला, सगळं प्लास्टर पडलं.

परत गेलो. कुसुम उंबऱ्याशी उभी राहिली. "आजी, भिंत भिजवा लागते, दाबून घोटा लागते. आंगनातून नाई होत. आत येऊ देसान तर करतो, नाई तर चाललो."

तेवढ्यात सून पुढे आली, कुसुमचा हात धरला अन् तिला सरळ चुलीपाशी घेऊन गेली. मागोमाग आम्ही दोघी.

प्लास्टर वाळल्यावर चूल पेटवायला आम्हालाच बोलावलं. भिंत तापली, पण एक भेग नाही! म्हातारीनं भिंतीवरून तळवा फिरवला. मग सुनेला म्हणाली, "तीन पाट मांड."

सून पाट घेऊन ओसरीकडे निघाली.

"तिकडे कुठं चालली व? इथं, चुलीपाशी!"