मावशीचा अडकित्ता

हरमलहून मावसभावाचा फोन आला तेव्हा मी पणजीला ऑफिसात होते. "आई गेली गे. सकाळी उठूकच नाय," एवढंच तो म्हणाला. मला रडू यायच्या आधी आठवली ती झोपेच्या गोळ्यांची पट्टी. लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं.

काका गेले आणि मावशीची झोप उडाली. डॉक्टरांनी दोन आठवड्यांपुरती गोळी दिली. मावशीने जुन्याच चिठ्ठीवर, या दुकानातून त्या दुकानातून, ती दोन वर्षं ओढली. पर्यटकांना भाड्याने द्यायच्या खोल्या झाडताना तोल जाऊन पडलीसुद्धा. शेवटी पेडण्याच्या औषधवाल्याने हात वर केले, नवी चिठ्ठी आणा म्हणाला. मावशीने मला गळ घातली आणि मी शहाणी, पणजीत ओळखीच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय पट्टी आणून दिली. असं विकायला बंदी आहे, हे मला चांगलं ठाऊक होतं...

पुढच्या महिन्यात ती स्वतःच डॉक्टरांकडे गेली. एकदम सोडू नका, फिट येऊ शकते, हळूहळू कमी करू, असं त्यांनी बजावलं. मग आधी अर्धी, नंतर पाव. पानाच्या डब्यातला अडकित्ता घेऊन, एक डोळा मिटून ती गोळी कातरत बसायची. मी हसले तर म्हणाली, "हास तू. सुपारी कातरूक येता, मगे गोळी कित्या येवची नाय?" माझ्या पट्टीचं काय केलंस, हे विचारायचं धाडस मात्र माझं झालं नाही. चोरून त्यातली अख्खी घेत असली तर?

हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. माझा विश्वास बसेना. बारा दिवस मी मनात त्या पट्टीतल्या गोळ्या मोजत राहिले.

तेराव्याला वहिनीने आठवण म्हणून पानाचा डबा माझ्या हातात दिला. तळाशी, सुकलेल्या पानांखाली, माझी पट्टी होती. दहाच्या दहा गोळ्या, एकही फोडलेली नाही. मावसभाऊ म्हणाला, "आई म्हणायची, परत दिली तर तिका वायट वाटात." मी तिथेच बसून पोटभर रडले, आणि त्या रात्री कितीतरी दिवसांनी शांत झोपले.

पट्टी मी पेडण्याच्या औषधवाल्याकडे नष्ट करायला दिली. अडकित्ता ठेवून घेतला. मी सुपारी खात नाही. त्याच्या पात्याच्या खाचेत अजून थोडी पांढरी भुकटी आहे, ती मी पुसलेली नाही.