संत्र्याच्या खालच्या तीन ओळी

ह्यांचं खुब्याचं हाड मोडलं, त्याला दोन वर्षं झाली. काठी धरून अंगणापर्यंत येतात, गाडीत बसून आर्वीच्या दवाखान्यात जाऊन येतात, पण वावरात जाणं काही झालं नाही. आमचं वावर पक्क्या रस्त्यापासून आत आहे आणि मध्ये पांदणीची कच्ची वाट. बैलबंड्या जाऊन जाऊन तिला अशा चाकोऱ्या पडल्यात की धडधाकट माणसाचा पाय मुरगळतो, तिथे काठी काय टेकणार!

पडायच्या दोन वर्षं आधी ह्यांनी संत्र्याच्या कलमा लावल्या होत्या. दहा ओळी, दोरी धरून, एकेक खड्डा स्वतः पाहून. त्यामुळे बिछान्यावरून पहिला प्रश्न, चहाच्याही आधी, "कलमा कशा हायेत?" आणि मी म्हणायचे, "झकास हायेत."

खोटं होतं. पुरतं नाही, पण होतं. ऑपरेशन झालं त्याच पावसाळ्यात नाल्याकडच्या खालच्या तीन ओळींत पाणी साचलं, झाडं पिवळी पडली आणि वाळून गेली. मी एकटी जाऊन पाहून आले, वावराच्या कडेच्या धुऱ्यावर बसून रडले, आणि घरी येऊन म्हटलं, झकास हायेत. माणूस कण्हत पडलेला, त्याला काय सांगायचं? आणि एकदा सांगितल्यावर ते परत कसं फिरवायचं, तेही कळेना. पोटच्या मुलीलाही मी तेच सांगितलं.

झालं असं, की इतकं झकास झकास ऐकून ह्यांचा विश्वासच उडाला. सगळीच झाडं मेली, असं मनाशी धरून बसले. मी मोबाइलवर फोटो काढून आणला, तर म्हणाले, "कोनाच्या वावरातला हाय हा?" यंदा पहिली चार-दोन फळं धरली, त्यातलं एक आणून हातात ठेवलं. सोलून खाल्लं आणि विचारलं, "आर्वीहून आनलं काय?" पुढे पुढे तर विचारणंच बंद झालं. चहा द्यावा, चहा प्यावा, भिंतीकडे पाहत बसावं. चिडले असते तर परवडलं असतं.

मुलगी सेलूला शाळेत शिकवते. तिला अलीकडे कॅमेरे उडवायचा नाद लागलाय. दिवाळीनंतर आली ती एक ड्रोन घेऊनच. तळहातावर मावेल एवढा, चार पंख्यांचा. त्याला कोणी चालवायलाही लागत नाही. हातावर ठेवून बटण दाबायचं, तो आपलं तोंड पाहून घेतो आणि मग आपण जाऊ तिकडे मागे मागे येतो. त्याला जे दिसेल ते लांब बसलेल्या माणसाला मोबाइलवर दिसतं.

"बाबा, तुमी रस्त्यावर गाडीतच बसा. आई वावरात फिरंल, तुमाले सगळं दिसन."

"तुह्या आईच्या मागं मागं फिरून काय दिसन? तिची पाठ!" असं म्हणाले खरे, पण पायात चप्पल चढवली होती.

मीच फिरणार म्हटल्यावर माझा जीव थोडा भांड्यात पडला. म्हटलं, तो माझ्या मागे येणार आणि मी वरच्या सात ओळींतच फिरणार. मी खाली गेलेच नाही तर त्याला खालचं दिसेल कसं?

ती दोघं रस्त्यावर गाडीत थांबली, मी हातात फोन चालू ठेवून वावरात पोचले. फोटो निघणार म्हणून नवं पातळ नेसले होते, डोक्यावर नीट पदर घेतला. बटण दाबलं. भुंग्यासारखा आवाज करत ड्रोन उडाला आणि माझ्या तोंडासमोर येऊन थांबला. मीही थांबले. हात सरळ, मान ताठ. आमच्या लग्नात फोटोवाल्याने दटावलं होतं, हलायचं नाही म्हणून. ते अंगात बसलेलं. मी हलेना, तर तोही हलेना.

हातातल्या फोनवर ह्यांचा आवाज आला, "अवं, तुले पाहाले आलो काय मी? चाल ना!"

त्यांच्या मागे गाडीत मुलगी खो खो हसत होती.

मग चालले. पहिली ओळ, दुसरी ओळ.

"थांब. डाव्या हाताच्या झाडाले हात लाव."

लावला.

"फांदी वाकव."

वाकवली. मग, "अन् बाकीचे?"

"सगळे असेच हायेत."

"हूं."

तो हूं मला ओळखीचा. पटलं नाही की असाच येतो.

तेवढ्यात मुलगी म्हणाली, "आई, आता तिथंच उभी राय, गंमत पाह्य." आणि तिने गाडीतूनच मोबाइलवर काही दाबलं असावं, ड्रोन माझ्यापासून मागे सरकला, उंच गेला, आणखी उंच.

"अवं, हा कुठं चालला?"

"वरून सगळं वावर येते, आई, एकाच चित्रात!"

काय सुचलं कोण जाणे, मी खालच्या बाजूला धावत सुटले, पदर पसरून. तीन ओळींची मोकळी जागा काय पदराने झाकणार होते मी?

मग ह्यांचा आवाज. "खालच्या तीन गेल्या."

"हो."

"कवा?"

"तुमचं ऑपरेशन झालं त्याच पावसात."

"अन् मले दोन वर्सं झकास झकास सांगून राह्यली होती!"

"मंग काय सांगू? तुमाले कूसही बदलता येत नव्हती."

मला वाटलं, फोन मुलीच्या हातात देऊन बसले. आणि मग एकदम हळू, "म्हंजे सात उभ्या हायेत."

"सात उभ्या हायेत."

"मेलेल्या दिसल्या म्हून पटते आता," म्हणाले. आवाज ओला होता. लगेच खाकरले. "बस तिथंच. माती उकर."

"नवं पातळ हाय माह्यं."

"काऊन नेसून गेली मंग? उकर!"

दोन वर्षांनी असे खेकसले. मी बसले मातीत आणि उकरलं. ड्रोन खाली येऊन माझ्या हातांकडे पाहू लागला.

"वास घे. आंबट येते?"

"येते थोडा."

"मुळं सडली. पानी काढाले नाल्याकडं एक नाली पाडाची होती मले. राहून गेली." जरा थांबून म्हणाले, "माह्यीच चूक हाय."

"तुमची कायची चूक? पाऊसच तसा झालता."

बॅटरी संपत आली असावी. ड्रोन आपणच खाली उतरला. मी हात पुढे केला, तर तळहातावर बसून पंखे थांबवले.

"चित्र गेलं, बाबा," मुलगी म्हणाली.

"जाऊ दे," हे म्हणाले. आणि मला, "चाल, सातव्या ओळीत जाय."

"आता दिसनार नाई तुमाले."

"तू सांग ना. पन खरं सांगजो."

मी सातव्या ओळीत गेले. पहिल्याच झाडाची एक फांदी वाळली होती. तीही सांगितली.