वेइयोच्या आठ सह्या

वेइयो रुओकोलाइनेन हा आमच्या विद्यापीठाच्या गणित विभागातला सगळ्यांत अबोल माणूस होता. फिनलंडमध्ये एखाद्याला असं म्हणतात म्हणजे तो किती गप्प असेल, ते तुम्हीच ठरवा. मी विभागाची सचिव. सव्वीस वर्षं आमच्या खोल्या समोरासमोर होत्या. तेवढ्या काळात त्यानं मला आपणहून विचारलेले प्रश्न हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि त्यातले निम्मे कॉफीबद्दलचे.

दर गुरुवारी सव्वादहाला त्याचा गणितं सोडवायचा तास असे. दाराशी एक कागद टांगलेला. घरी जी गणितं सुटली असतील त्यांच्यापुढे प्रत्येकानं फुली मारायची आणि आत जाऊन बसायचं. फुल्यांना गुण होते, पण फुली मारलीस तर ये आणि फळ्यावर सोडवून दाखव, असा रिवाज. सगळ्या फुल्या मारणारा कुणाच्या तरी वहीतून उतरवतोय आणि एकच फुली मारून मागे बसलेली मुलगी रडकुंडीला आलीय, हे वेइयोला नुसत्या कागदावरून कळायचं. तास संपला की कोट अडकवायच्या खुंट्यांपाशी तो अशा अडलेल्या पोराच्या शेजारी जाऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, "कॉफी?" तेवढ्या एका शब्दावर कितीतरी पोरं पदवीधर झाली.

एकदा मात्र त्याचं चुकलं. मिर्वा तोल्पानेन तेव्हा एकवीस वर्षांची होती. गणित तिला येत होतं, पण फळ्यापाशी गेल्यावर तोंडून शब्द फुटेना. कुणी विचार करत असेल तर मध्ये बोलू नये, हे आम्हाला पाळण्यातच शिकवलेलं. वेइयो थांबला. वर्गही थांबला. पाच मिनिटं ती पोर खडू हातात धरून उभी होती. मग तिनं खडू ठेवला, कोट उचलला आणि गेली. पुढची चौदा वर्षं ती त्या विषयाच्या वाटेला गेली नाही.

म्हणून नवी संगणक प्रणाली घ्यायची का, असा प्रश्न बैठकीत आला तेव्हा सगळ्यांत आधी वेइयोनं हात वर केला. प्रत्येकाला आपापल्या वेगानं, आपापली गणितं. चुकलं की सोपं, जमलं की अवघड. कुणी कुणापुढे उभं राहायला नको.

"अरे, फळा गेल्यावर तू करशील काय?" म्हातारा हेइम्मो म्हणाला. "तुझं निम्मं बोलणं त्याच्यावरच असतं."

"बसेन," वेइयो म्हणाला.

आणि खरंच बसला. फळे निघाले, पडदे लागले आणि वेइयो 'मार्गदर्शक' झाला. त्याच्यापुढे दोनशे बारा ठिपके, प्रत्येक विद्यार्थ्याचा एक. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे बोलावून घ्या. महिनाअखेर प्रत्येकाच्या नावापुढे 'प्रगती समाधानकारक' म्हणून सही करायची.

त्याच शरद ऋतूत मिर्वा परत आली. पाळणाघरात नोकरी करता करता तिनं एकेक करून बाकीचे सगळे विषय काढले होते. हा एकच उरला होता. तिला गणिताची शिक्षिका व्हायचं होतं आणि तिची शिकायची मुदत जुलैअखेर संपत होती. वेइयोनं तिचं नाव यादीत वाचलं आणि चक्क माझ्या खोलीत येऊन ते मला सांगितलं. नोव्हेंबरात पुन्हा आला. "मिर्वा हिरवी आहे," म्हणाला. एवढा खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता.

फेब्रुवारीत दोनदा ती त्याच्या काचेच्या दाराबाहेर उभी असलेली मी पाहिली. आत वेइयो पडद्यात डोकं घालून बसलेला. ती जरा थांबली आणि निघून गेली.

"अरे, ती येऊन गेली की," मी म्हटलं.

"बघितलं. काही हवं असतं तर दार वाजवलं असतं. आणि हिरवी आहे ती."

मलाही ते पटलं. उगीच कुणाच्या मध्ये कशाला पडायचं?

मे महिन्यात परीक्षा झाली. परीक्षा सगळ्यांना एकच. मिर्वाला तीसपैकी चार गुण पडले.

वेइयो दोन दिवस तिची सगळी गणितं उघडून बसला आणि तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आला. "तूलिक्की, ती चुकली की ते यंत्र आणखी सोपं देत होतं. फेब्रुवारीत ती शाळेतली गणितं सोडवत होती. सगळी बरोबर. म्हणून हिरवी." मग म्हणाला, "ती मागे मागे चालली होती, आणि मी सह्या करत होतो."

तिला आणखी एक वर्ष मिळावं म्हणून त्यानं समितीपुढे अर्ज केला. बैठकीत तो दहा मिनिटं बोलला, हात जोडायचेच काय ते बाकी ठेवले. उत्तराचं पत्र मीच टाइप केलं. मला ते पाठ आहे. 'विद्यार्थिनीस वर्षभर वैयक्तिक मार्गदर्शन मिळाले असून, मार्गदर्शकाने सलग आठ महिने प्रगती समाधानकारक असल्याचे सहीनिशी कळवले आहे. मुदतवाढीस कारण दिसत नाही.'

मिर्वानं ते माझ्या टेबलापाशी उभ्यानंच वाचलं.

"आठही सह्या त्याच्याच?"

"हो."

"मी गेले होते गं दाराशी. दोनदा. तो कामात होता." तिनं पत्राची घडी घातली. "त्याला सांग, मी रागावलेले नाही. त्यानं अर्ज केला हेच खूप झालं. मला तोंडावर बोलता नाही यायचं. तू सांग."

"सांगते," मी म्हटलं.

दुपारी वेइयो रिकामा कप घेऊन माझ्या दारात उभा राहिला. चेहरा असा की बघवेना. असल्या जखमेला आत्ता बोट कशाला लावायचं, उद्या सांगू, असं मी ठरवलं. काही सांगण्यासारखं असतं तर मी सांगितलं असतं, असं त्याला वाटलं असणार. तो गेला. मग सुट्ट्या लागल्या. सप्टेंबरात त्यानं मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि तळ्याकाठच्या झोपडीत राहायला गेला. त्याचा नंबर माझ्याकडे होता. पुढच्या मार्चमध्ये अंगणातला बर्फ उपसता उपसता त्याचं हृदय बंद पडलं.

दफनानंतर चर्चच्या दालनात कॉफी होती. मिर्वा आली होती, अजून पाळणाघरातच आहे म्हणाली. माझ्या शेजारी बसली आणि हळूच विचारलं, "माझा निरोप दिला होतास ना?"

"हो," मी म्हटलं.

"काय म्हणाला?"

"तुला माहितीये तो कसा होता. काही बोलला नाही."

मिर्वाला ते लगेच पटलं.