एकुलता एक बोर्ड

खटखटेकाका झाडाशी भांडतात आणि झाड उलट उत्तर देतं, ही बातमी आमच्या जिन्यावरून खाली उतरली तेव्हा तिला तिखटमीठ लागलेलं होतं. लावणारे आम्हीच, तेव्हा खुलासाही आम्हीच केलेला बरा. काका कुंडीतल्या फर्नसमोर उकिडवे बसून "अठ्ठावीस! काल चाळीस होतं तुझं!" असं ओरडत होते, हे खरं. पण आकडा झाड सांगत नव्हतं. मातीत खोचलेली वायर पत्त्याच्या पानाएवढ्या एका बोर्डाकडे गेली होती, आणि माती किती ओली आहे ते तो बोर्ड लॅपटॉपवर दाखवत होता.

काकांचं खरं आडनाव आता कुणाला आठवत नाही. जन्मभर टाइपरायटर दुरुस्त केले, म्हणून खटखटे. टाइपरायटर संपले, काका उरले. मग मुलीने हा बोर्ड आणून दिला. "बाबा, आईच्या मागे मागे फिरण्यापेक्षा हे करा." लॅपटॉपवर चार ओळींचा प्रोग्रॅम लिहायचा, केबलने बोर्डात भरायचा, भोकाभोकांच्या पांढऱ्या पट्टीत वायरी खोचायच्या. सोल्डरिंगचा डाग द्यायला नको, स्क्रू पिळायला नको, अर्ध्या तासात यंत्र तयार. आणि पाच मिनिटांत मोडायलाही तयार. फ्रिजचं दार उघडं राहिलं की ओरडणारा भोंगा आठ दिवस जगला. त्याचा बोर्ड काढून टाकी भरल्याची सूचना देणारं यंत्र झालं. ते पाच दिवस. मग फर्नची पाळी. दुसरा बोर्ड आणावा हे काकांच्या डोक्यातच येत नसे. एका मशीनचा पार्ट काढून दुसरं चालू करायचं, ही चाळीस वर्षांची सवय. फरक इतकाच, की तेव्हा ते मेलेल्या मशीनचा काढत.

"माझा प्रत्येक शोध यशस्वी आहे," काका स्वतःच सांगत. "फक्त एका वेळी एकच."

तळमजल्यावरच्या ताईंचं काम मात्र निराळं होतं. ताई म्हणजे काकांची थोरली बहीण, एकट्या राहणाऱ्या, आणि त्यांच्या कानांनी जवळजवळ रजा घेतलेली. घंटा ऐकू येत नाही म्हणून गॅसवाला दोनदा परत गेला, आणि ताईंच्या मुलाने त्यांना आपल्या गावी न्यायचं ठरवलं. ताईंना जायचं नव्हतं. "तिथे मी पाहुणी. इथे माझ्या खुर्चीला माझा आकार आलाय." शेवटी मायलेकांत ठरलं: मुलगा रविवारी दहाला येणार, एकदाच घंटा वाजवणार. दार उघडलं तर ताई राहतील, नाहीतर सामान बांधायचं.

काकांनी घंटेचं बटण आणि ताईंच्या खुर्चीसमोरचा दिवा बोर्डाला जोडला. बटण दाबलं की दिवा लुकलुके. आठवडाभर झकास चाललं.

शनिवारी संध्याकाळी फर्नने मान टाकली. काका "जरा तासाभरासाठी" म्हणून बोर्ड वर घेऊन आले आणि त्यात फर्नचा प्रोग्रॅम भरला: माती कोरडी असेल तर दर वीस मिनिटांनी थोडा वेळ पाण्याचा छोटा पंप सुरू कर. तास लांबला. रविवारी सकाळी साडेसातला बोर्ड परत ताईंकडे गेला. पंपाच्या जागी दिवा, मातीच्या जागी घंटेचं बटण, वायरी खोचल्या. चालू करताच दिवा लुकलुकला आणि काकांचा जीव भांड्यात पडला. बटण दाबून बघायला काही ते थांबले नाहीत. वर चहा निवत होता.

दहाला काका कौतुक करून घ्यायला खाली आले. पाहतात तर भाचा बाहेर उभा, आणि ताई सताड उघड्या दारात खुर्ची टाकून मटार सोलत बसलेल्या.

"किती वेळा वाजवशील रे?" ताई मुलावर डाफरत होत्या. "सकाळपासून सातव्यांदा उठवलंस! म्हटलं, जाऊ दे, दारातच बसते."

"आई, मी आत्ता येतोय!" भाचा मोठ्याने म्हणाला. "घंटेला हातही लावला नाही अजून! मामा, तुमचं यंत्र माणूस यायच्या आधीच सांगतं की काय?"

काकांच्या डोक्यात ती वीस मिनिटं लख्ख पेटली. बोर्डात अजून फर्नचाच प्रोग्रॅम, आणि माती नाही म्हणजे त्याच्या लेखी सगळं कोरडंच! नुसतं "हो" म्हटलं असतं तरी ताई राहिल्या असत्या. "हो" ओठांवर आलंही होतं. पण उद्या भाचा निघून गेला, आणि खरोखरचा गॅसवाला आला, तर?

"यंत्र हुशार नाही रे, मी गाढव आहे," काका म्हणाले. "तो बोर्ड सकाळपासून तुझ्या आईला पाणी घालतोय."

भाच्याने बटण दाबलं. दिवा ढिम्म.

काका दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेले आणि लॅपटॉप घेऊन आले. दोन मिनिटांत घंटेचा प्रोग्रॅम भरला. ताई उठल्या, खुर्ची परत दिव्यासमोर ओढली, मटारची ताटली आत ठेवली आणि पोटच्या पोराच्या तोंडावर दार लावून घेतलं.

"हं, आता वाजव!" आतून आवाज आला.

एकच घंटा. दार उघडलं.

"कोण हवंय आपल्याला?" ताईंनी विचारलं.

ताई राहिल्या. भाच्याने एकच अट घातली: वायरींना डाग द्यायचे, बोर्ड डब्यात बंद करायचा आणि डबा भिंतीला पक्का करायचा. काकांनी निमूटपणे केलं. पूर्ण झालेलं हे त्यांचं पहिलंच यंत्र. फर्नला आता काकू तांब्याने पाणी घालतात.

आम्ही काय गप्प बसतोय! जिन्यात गाठून विचारलंच, "काय काका, ठोकलात ना भिंतीला? आता आपलं काम विसरणार नाही ना तुमचा बोर्ड?"

काका म्हणाले, "बोर्ड कधीच विसरला नव्हता, सांगितलेलं चोख करत होता. विसरलो मी. आणि मला भिंतीला ठोकलं, तर तुम्ही बोलणार कुणाबद्दल?"