रक्ताचे चार देव

गुलाब रामटेके बोलायला लागला की दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईसुद्धा खुर्ची ओढून बसायच्या. माणूस चिमूरकडचा. वडिलांनी छप्पन साली चांद्याला दीक्षा घेतली आणि पोराला विज्ञान शिकवलं. आलापल्लीच्या पुढे, जंगलातल्या एका लहानशा दवाखान्यात तो रक्त तपासायचा. आपल्याला कळलेलं दुसऱ्यालाही कळलंच पाहिजे, हा त्याचा हट्ट.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्यानं बाजाराच्या दिवशी मोहाच्या झाडाखाली गोंड मंडळींना गोळा केलं. त्यांच्यात कुळं देवांच्या संख्येवरून ओळखतात: चारदेवे, पाचदेवे, सहादेवे, सातदेवे. गुलाबला आयतं उदाहरण सापडलं. "तसेच रक्ताचेबी चार देव. ए, बी, एबी अन् ओ. भलत्या देवाचं रक्त अंगात गेलं तं आतलं रक्त त्याच्यावर तुटून पडते. माणूस हातचा जाते!" सगळ्यांनी माना डोलावल्या. गुलाब आठवडाभर स्वतःवर खूश होता.

महिनाभरानं, त्या दिवशी माना डोलावणाऱ्यांतल्या सुकलूची बायको मंगली बाळंतपणाला बैलबंडीतून आली. बाळ सुखरूप झालं, पण रक्त थांबेना. डॉक्टरीणबाईंनी शर्थ करून ते थांबवलं, तोवर मंगली पांढरी पडली होती. गुलाबनं तपासलं, गट ओ. ओ गटाला फक्त ओच चालतं. रक्तपेढी थेट चंद्रपूरला, आणि तिथून बाटली येईपर्यंत मंगली टिकणार नव्हती.

"रक्त देनारे घेऊन ये, पळ!" गुलाबनं सुकलूला पिटाळलं.

तासाभरात सुकलू सहा धट्टेकट्टे गडी घेऊन हजर झाला. गुलाबच्या जिवात जीव आला. सुकलू छाती काढून म्हणाला, "निवडून आनलो भाऊ. सगळे सहादेवे. लग्न झाल्यापासून मंगलीबी सहादेवीच ना!"

गुलाबनं कपाळावर हात मारला. चूक सुकलूची नव्हती, उदाहरणाची होती, आणि ते देणारा शहाणा इथंच उभा होता.

तरी त्यानं सहाही गड्यांची बोटं टोचली, सुकलूचंही टोचलं. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर प्रत्येकाच्या रक्ताचे दोन थेंब ठेवून एकात ए ओळखायचं, दुसऱ्यात बी ओळखायचं औषध मिसळलं. ओ असता तर दोन्ही थेंब तसेच पातळ राहिले असते. पण प्रत्येकाच्या एका तरी थेंबात गाठी धरल्या. सुकलूच्याही. त्याचं निघालं ए.

"आता?" सुकलूनं विचारलं.

दारात नातवाला मांडीवर घेऊन सुकलूची आई सुकरी बसली होती. ती म्हणाली, "माहं पाह्यना, भाऊ."

"माय, तू तं सातदेव्यायची लेक," एक गडी मध्येच बोलला. सून लग्नानं सहादेवी झाली, तर सासू का नाही, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही.

गुलाब खेकसला, "देव राहू दे बाजूले. माहीच अक्कल गहाण पडली होती. रक्ताले कुळ समजत नाई. बाई, बोट इकडं!"

दोन्ही थेंब पातळ राहिले. गुलाबनं पुन्हा पाहिलं, मग मंगलीच्या रक्ताशी मिसळून पाहिलं. गाठ नाही. सुकरीचं अंग कष्टाचं, रक्त भरपूर. बाटली भरली, सुनेला लागली. संध्याकाळी मंगलीनं डोळे उघडून बाळ मागितलं, तेव्हा गुलाब मागच्या पडवीत जाऊन रडला.

पुढच्या महिन्यात तो पुन्हा मोहाखाली उभा राहिला. पहिल्यांदाच त्याला सुरुवात सुचेना. तेवढ्यात गर्दीतून सुकरी उठली.

"तू बस भाऊ, मी सांगतो," ती म्हणाली. "माह्या पोटच्या पोराचं रक्त मले चालत नाई. अन् परघरून आलेल्या पोरीले माहं चालून गेलं. म्हनून कोन कोनाचं हे पाहू नका. आपलं बोट टोचून पाहा."

आणि पदर खोचून ती त्या सहा गड्यांकडं वळली, "उठा रे, पुढं या. मंगलीले नाई चाललं तं काय, इतक्या लोकायत कोनाले तरी तुमचं चालतेच."