मी भर अंगणात केलेला आदर

लग्नानंतर दोनेक वर्षांत यांची कलकत्त्याला बदली झाली आणि आम्ही डमडमला बिऱ्हाड केलं. खालच्या मजल्यावर घरमालक राहत. ते संस्कृतचे निवृत्त मास्तर. दुपारी ते मला बंगाली शिकवायचे. मला ती भाषा सोपीच वाटायची. निम्मे शब्द संस्कृतातले, म्हणजे आपलेच. अडलं की मी मराठीतला एखादा भारदस्त शब्द उचलायची, उच्चार जरा गोल करायची आणि वेळ मारून न्यायची.

मास्तरांच्या सत्तरीला मी बंगालीत कविता केली आणि कुणालाही न दाखवता समारंभात उभी राहून वाचली. 'तुम्ही मला शिक्षा दिलीत' या ओळीला एकटे हे दचकले. बंगालीत शिक्षा म्हणजे शिक्षण, एवढं मला ठाऊक होतं. शेवटची ओळ होती, 'जन्मभर मी तुमचा आदर करीन.'

 अंगणात कुणीतरी फिसकन हसलं. मास्तरांचे कान लाल झाले. शेजारणीने मला ओढून खाली बसवलं.

"अगं, आदर म्हणजे कुरवाळणं! मुके घेणं!"

 नवऱ्यासमोर, चारचौघांत, सासऱ्यांच्या वयाच्या माणसाला मी हे सांगितलं होतं!

मास्तरच आधी सावरले. "तुमच्याकडे आदर म्हणजे काय?"

"मान," मी कशीबशी म्हणाले.

"संस्कृतातही तसंच. मन लावून जपणं. तुमच्याकडे तो शब्द पाया पडायला वाकला, आमच्याकडे मांडीवर चढून बसला."

तेवढ्यात त्यांच्या पत्नी उठल्या. माझी हनुवटी धरून त्यांनी स्वतःच्या बोटांचा मुका घेतला. "हा आमचा आदर. तो मला कर, यांना नको!"

सगळे खो खो हसले. मला मात्र रडू फुटलं.

पुढे बंगाली कविता वाचताना ओळखीचा शब्द आला की मी आधी त्याचा अर्थ विचारून घ्यायची. एकदा 'अभिमान' दिसला. मी थेट खाली जाऊन अर्थ विचारला.

"आपल्या माणसावर मनातून रुसणं," मास्तर म्हणाले.

 आदल्याच दिवशी शेजारणीला मी सांगितलं होतं की, मला यांचा फार अभिमान आहे. त्यावर तिने माझा हात हातात घेतला होता आणि हळूच म्हणाली होती, "होईल गं सगळं ठीक."