न तोडलेली फांदी

सहलीला निघण्याआधीच बायकोने बाल्कनीतली एक कुंडी माती भरून तयार ठेवली होती. जाईल तिथून एखादी फांदी मोडून आणायची, ही तिची जुनी सवय. न विचारता आणलेली फांदी हमखास जगते असं ती मानते, आणि आमची बाल्कनी पाहता तिला खोटं पाडणं अवघड आहे. पण बेटावरच्या उद्यानात धक्क्यालाच फलक होता : पान, बी, माती, काहीही बाहेर नेऊ नये. मी तो दोनदा वाचला. तिने वाचला की नाही, कळेना.

पायवाटेच्या वळणावर निळ्या फुलांचं एक झुडूप होतं. तिने फांदी धरून वाकवली. आसपास पहारेकरी नव्हता, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"अगं, तो फलक..."

"वाचता येतं मला." मग आजूबाजूला बघत म्हणाली, "हे झुडूप इथे आणखी कुठे दिसलं का हो?"

नव्हतं दिसलं. तिने फांदी सोडली. ती सपकन वर गेली आणि बराच वेळ हलत राहिली. माझा जीव भांड्यात पडला.

परतताना लाँचमधून बेट पाहत होतो. चहूकडे पाणी. तिथलं एखादं झाड संपलं, तर बेटाने ते मागायला कुणाच्या दारात जायचं? आपण तर विरजणसुद्धा शेजारून आणतो.

काल शेजारच्या वहिनींनी मोगऱ्याची फांदी आणून दिली. रिकाम्या कुंडीत ती खोचताना बायको म्हणाली, "ही दिलेली आहे. जगते का बघू."